अंडाशयाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर : तिचं ताट आणि तिचं चालणं

शेवटची केमो झाली त्या दिवशी आमच्याकडे पेढे आले. पुढच्या सोमवारी ताई ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत होती. सहा केमो, मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन, डोक्याला रुमाल, तळपाय बधिर, आणि तरी पोळ्या; कारण काय, तर 'आता उपचार संपले'. फाइलवर पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची होती. मधल्या काळात काय खायचं, किती हालचाल करायची, हे आम्हाला कुणी नीट बसवून सांगितलं नव्हतं. सल्ले मात्र रोज येत होते. एकीचं म्हणणं साखर बंद करा, दुसरीचं गव्हांकुराचा रस द्या, तिसरीचं तिला अजिबात हलू देऊ नका.

हा लेख त्या तीन महिन्यांसाठी आणि त्यापुढच्या वर्षासाठी आहे. मी डॉक्टर नाही. ताईबरोबर ऑन्कोलॉजिस्ट, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासमोर बसून जे शिकले, नंतर वाचून पडताळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. आजार परत येणार नाही अशी हमी कोणताही आहार देत नाही आणि कोणताही व्यायामही देत नाही. तशी हमी देणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. आणि आजार परत आलाच, तर 'माझंच खाणं चुकलं' असं कोणत्याही बाईने स्वतःला लावून घेऊ नये. खाण्याचा आणि चालण्याचा उपयोग वेगळा आहे, आणि तो लहान नाही. थकवा कमी होतो, अंगात ताकद येते, झोप सुधारते, मन थोडं वर येतं, हाडं टिकतात, पुढे पुन्हा औषधं घ्यायची वेळ आली तर शरीर ती सोसू शकतं.

पायरी १ : आधी फाइल उघडा

दोन बायकांना एकच आजार झाला, म्हणून दोघींचं पथ्य एक होत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला तक्ता ताईला लागू पडेल की नाही, हे तिच्या फाइलमधल्या चार-पाच गोष्टींवरून ठरतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारून घ्या.

ऑपरेशनमध्ये काय काय काढलं? बहुतेक वेळा दोन्ही अंडाशय, गर्भपिशवी आणि पोटातला चरबीचा पडदा काढतात. कधी आतड्याचा तुकडाही काढावा लागतो. आतडं कापून जोडलं असेल किंवा पोटावर पिशवी, म्हणजे स्टोमा असेल, तर जेवणाचे नियम वेगळे असतात.

जांघेतल्या किंवा पोटातल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या का? काढल्या असतील तर पायाला सूज येऊ शकते आणि त्यासाठी फिजिओथेरपिस्टला वेळेवर दाखवावं लागतं. एकाच पायाला अचानक सूज आली आणि पोटरी दुखू लागली, तर ती गोष्ट वेगळी. रक्ताची गुठळी असू शकते, त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सध्या कोणती गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे? उपचार 'संपले' तरी काहींना पुढे ओलापरिब किंवा नायरापरिबसारख्या गोळ्या असतात, काहींना बेव्हॅसिझुमॅबचं इंजेक्शन. या गोळ्यांनी हिमोग्लोबिन उतरू शकतं, बेव्हॅसिझुमॅबने रक्तदाब वाढू शकतो. ओलापरिब चालू असताना ग्रेपफ्रूट खायचं नसतं. आपल्याकडे ते फळ कमीच मिळतं, पण पपनस त्याच्याच कुळातलं आहे आणि गणपतीच्या दिवसांत घरोघरी असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते ताटात घेऊ नका.

शेवटचं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स किती आहेत, हे कागदावर लिहून घ्या. गोळ्यांमुळे हिमोग्लोबिन उतरलं असेल तर ते बीट आणि खजूर खाऊन भरून येत नाही, कारण तिथे लोह कमी पडलेलं नसतं, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा मंदावलेली असते. बीट जरूर खा, पण त्याच्या भरवशावर रक्ताची तपासणी पुढे ढकलू नका. लोहाची गोळीही मनाने सुरू करू नका.

शेवटचा प्रश्न सर्जनना विचारायचा : किती वजन उचललेलं चालेल, आणि कधीपासून?

पायरी २ : एक वही घाला

शंभर पानी साधी वही पुरते. रोज दोन ओळी लिहायच्या : किती मिनिटं चालले, शौचाला कशी झाली, थकवा शून्य ते दहामध्ये किती. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्याआधी वजन करायचं आणि बेंबीच्या रेषेत टेप लावून पोटाचा घेर मोजायचा.

घेर का मोजायचा, ते सांगते. अंडाशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण पुष्कळ बायकांत पोट फुगणं हेच असतं, आणि त्याला 'गॅसेस', 'वय झालं', 'जाडी वाढली' म्हणून सोडून दिलं जातं. ताईचंही तसंच झालं होतं. उपचारांनंतर वजन दोन-तीन किलोंनी वाढणं नेहमीचं आहे, ते खाण्याने आणि कमी हालचालीने वाढतं. पण हात-पाय, चेहरा बारीक होत चाललाय आणि पोट मात्र वाढतंय, दोन घासांतच पोट भरतंय, असं दोन आठवडे सलग दिसलं, तर ती जाडी नव्हे. तिथे डाएट सुरू करू नका, डॉक्टरांना फोन करा. वहीतल्या आकड्यांमुळे 'मला उगीच वाटतंय का' हा प्रश्न उरत नाही, आणि ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत मुद्द्याचं बोलता येतं.

पायरी ३ : आधी पोट शांत करा, पथ्य नंतर

उपचार संपले की सगळे म्हणतात, भरपूर सॅलड खा, कोंड्याची पोळी खा, मोड आलेली कडधान्यं खा. एरवी हे बरोबरच आहे. फळं, भाज्या, डाळी, ज्वारी-बाजरी-नाचणी यांकडे आपल्याला शेवटी यायचंच आहे. पण या आजारात घाई नडते.

पोटाच्या आत मोठं ऑपरेशन झालं की आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. चिकटलेल्या जागी आतड्याची वाट अरुंद होते. तिथून मऊ भात जातो, पण चोथा अडकू शकतो. म्हणून ऑपरेशन अगदी ताजं असेल, किंवा डॉक्टरांनी 'आतड्याला अडथळा येऊ शकतो' असं बजावलं असेल, तर काही दिवस चोथा कमीच ठेवायचा. मऊ भात आणि मुगाचं वरण, मेतकूट भात, तांदळाची पेज, साल काढून शिजवलेला दुधी, लाल भोपळा, दोडका, कुस्करलेला बटाटा, ताक, दही, अंडं, वाफवलेला मासा, पिकलेलं केळं. यावर दिवस चांगले निघतात.

याच काळात जपून राहायच्या गोष्टी आपल्या घरातल्याच असतात, म्हणून नावं घेऊन सांगते. ओलं खोबरं आणि खोबऱ्याचे तुकडे. मक्याचे दाणे. संत्र्या-मोसंबीच्या फोडींवरचा पांढरा पापुद्रा. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, जो एरवीही थुंकायचाच असतो. कच्चा कोबी, गवारीच्या शिरा, अंजीर-जर्दाळूसारखा सुका मेवा, मशरूम. कोकणातल्या स्वयंपाकात खोबरं सोडणं जड जातं. खोबरं वाटून, गाळून नारळाचं दूध काढलं तर कढीची चव राहते आणि चोथा जात नाही.

हे बंधन कायमचं नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की दर तीन-चार दिवसांनी एकच नवा पदार्थ वाढवायचा आणि वहीत लिहायचा. आधी साल काढलेली मुगाची डाळ, मग सालीची, मग नीट शिजवलेली मोड आलेली मटकी, सगळ्यात शेवटी हरभरा आणि राजमा. एका वेळी एकच बदल केला तर पोट बिघडलं तरी कशाने बिघडलं ते कळतं. ताईला नाचणीची आंबील सोसली आणि बाजरीची भाकरी दोन महिने सोसली नाही. तुमच्या घरी उलटंही होईल.

दुसऱ्या टोकाला बद्धकोष्ठ असतो, दुखण्याच्या गोळ्यांनी आणि पडून राहण्याने येणारा. त्यावर इसबगोल लगेच आणू नका. अडथळ्याची शक्यता असेल तर इसबगोल फुगून त्रास वाढवू शकतं. आधी पाणी, मग चालणं, मग डॉक्टरांनी दिलेलं औषध.

आणि हे पाठच करून ठेवा. पोटात कळा येऊन जातात, पोट टणक फुगलंय, उलट्या होतायत, आणि वाराही सरत नाही, शौचही नाही : अशा वेळी ओवा-हिंग, एरंडेल, जुलाबाची गोळी, काही द्यायचं नाही. तोंडाने काहीच न देता थेट रुग्णालयात न्यायचं, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी.

पायरी ४ : वरण घट्ट करा

पोट सावरलं की सगळ्यात मोठा प्रश्न प्रथिनांचा. ऑपरेशनची जखम, केमो आणि महिनोन्‌महिने पडून राहणं, या तिन्हींत स्नायू झिजतात. वजनकाट्यावर ते दिसत नाही, कारण स्नायूच्या जागी चरबी बसते. दिसतं ते असं : खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो, जिन्यात मध्येच थांबावं लागतं.

कॅन्सरच्या रुग्णांना दर किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम आणि शक्यतो १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं आहारतज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. ५५ किलोच्या बाईला १.२ने गुणलं की ६६ ग्रॅम. आता आपलं रोजचं ताट बघा. दोन पोळ्यांत साधारण ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७, पातळ वरणात त्याच्या निम्मंही नाही. चटणी-कोशिंबिरीत नावापुरतं. दोन्ही वेळचं धरूनही आकडा तिशीच्या आसपास थांबतो.

तो साठीच्या पुढे न्यायला महागडी पावडर लागतेच असं नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे सकाळी दोन अंड्यांचे १२. अंडं चालत नसेल तर मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि आत किसलेलं पनीर. पेलाभर दूध ६, वाटीभर दही ५. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे किंवा फुटाणे ६ ते ७. पन्नास ग्रॅम पनीर ९. तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत तब्बल १५. शंभर ग्रॅम बांगड्यात किंवा चिकनमध्ये १८ ते २५. पिठल्यात बेसन असतं, म्हणून पिठलं-भाकरी हे गरिबाचं जेवण समजू नका, ते या बाईचं औषध आहे. सोयाबद्दल पुष्कळ भीती घातली जाते, पण जेवणातल्या प्रमाणात वड्या किंवा टोफू खायला हरकत नाही. सोयाच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत.

एका बैठकीत इतकं जात नाही हे मला माहीत आहे. चार घास खाऊन ताट सारलं जातं. म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर काहीतरी, आणि त्या वाटीत प्रथिन हवंच. नुसता चहा-बिस्कीट नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. अंडी मुलांना, माशाचा मधला तुकडा नवऱ्याला, घट्ट वरण सगळ्यांना आणि तळाचं पातळ तिला. आजारपणात महिनाभर क्रम बदलतो, मग 'आता बरी आहे' म्हणून जुनाच क्रम परत येतो, आणि तो तीच परत आणते. तिला समजावून काही होत नाही. तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढून बाजूला झाकून ठेवायचं, एवढाच उपाय आमच्याकडे चालला. ते काम घरातल्या ठरावीक एका माणसाचं असू द्या, नाहीतर ते कुणाचंच होत नाही.

हाडांचंही इथेच सांगते. दोन्ही अंडाशय काढले की पाळी जाण्याचं वय झालं नसलं तरी ती एका दिवसात जाते. अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, ते सगळ्यांना कळतं. हाडं विरळ होऊ लागतात, ते कळत नाही. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध-दही, नाचणी (१०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम), तिळाची चटणी, काट्यांसकट खाता येतील असे छोटे मासे. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी हवी का, हे विचारा, विशेषतः वय पन्नाशीच्या आत असेल तर.

साखर, काढे आणि उपास

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, असं म्हणून ताईचा चहा कडू केला गेला. साखर शून्यावर आणली म्हणून गाठ उपाशी मरत नाही, शरीर इतर अन्नातूनही ग्लुकोज बनवतंच. मधुमेह असेल किंवा वजन वाढत असेल तर गोड कमी करा, ते कारण खरं आहे. पण वजन उतरलेल्या बाईला दूध-साखर घातलेली खीर देताना अपराधी वाटून घेऊ नका. आणि साखरेच्या जागी गूळ घातल्याने विशेष काही वाचत नाही.

काढ्यांबाबत मी जास्त कडक आहे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. हळदीच्या आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलनेही काहींना यकृताचा त्रास झालेला आहे. भाजीतली हळद वेगळी, कॅप्सूलमधला तिचा अर्क वेगळा. उपचारांनंतरच्या गोळ्यांशी यातलं काय कसं वागेल ते सांगता येत नाही. काही घेतच असाल तर बाटली पिशवीत घालून ओपीडीत न्या आणि दाखवा, लपवू नका.

उपास हा श्रद्धेचा विषय आहे, मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणेन की साबुदाण्यात स्टार्चशिवाय जवळपास काही नसतं, त्याला प्रथिन येतं ते दाण्याच्या कुटामुळे. म्हणून उपासाला राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी आणि भगर, दही, दूध, पनीर. निर्जळी मात्र या वर्षी नको.

पायरी ५ : चालणं

पडून राहिल्याने कॅन्सरचा थकवा जात नाही. मला हे पटायला फार वेळ लागला. आपल्या नेहमीच्या थकव्यावर झोप हा इलाज असतो, पण या थकव्यात बाई दहा तास झोपते आणि दमलेलीच उठते. पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, मग तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो, मग ती आणखी पडून राहते. हे चक्र थोड्या थोड्या हालचालीनेच तुटतं.

यावर खास अंडाशयाच्या कॅन्सरमधून बाहेर आलेल्या बायकांचा एक चांगला अभ्यास अमेरिकेत येल विद्यापीठाने केला. १४४ बायका होत्या. निम्म्यांनी सहा महिने, आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत, बहुतेकींनी नुसतं भरभर चालून व्यायाम केला. त्यांना दर आठवड्याला फोन करून मार्गदर्शन मिळत होतं. त्यांची शारीरिक क्षमता सुधारली आणि थकवा कमी झाला. २०२३मध्ये त्याच अभ्यासातून पुढची गोष्ट प्रसिद्ध झाली : केमोमुळे हातापायांना येणारा बधिरपणाही व्यायाम करणाऱ्यांमध्ये कमी झाला होता. ना जिम होती, ना यंत्रं. चालणं आणि आठवड्याचा एक फोन.

सुरुवात अशी करा. पहिले तीन दिवस फक्त मोजा. दम न लागता, पाय न थरथरता किती मिनिटं चालता येतं? ताईचं उत्तर चार मिनिटं होतं. ते ऐकून मला रडू आलं होतं, पण तोच तिचा पाया ठरला. चार मिनिटं, दिवसातून तीनदा, घरातल्या घरात. पुढच्या आठवड्यात पाच. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटंच वाढवायची. पंधरा मिनिटांपर्यंत पोचलात की तीन फेऱ्यांऐवजी दोन करा, मग एकच सलग तीस मिनिटांची, आठवड्यातून पाच दिवस. तिथे १५० मिनिटं होतात. कुणाला यायला तीन महिने लागतील, कुणाला आठ.

वेग कसा ओळखायचा? चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटत असेल तर हळू व्हा. आणि चालत असताना पूर्ण आरती म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवा.

जागा आपापल्या घराप्रमाणे : अंगण, वाड्याची ओटी, इमारतीचा पॅसेज, गच्ची. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नाहीतर घरातच पंख्याखाली. कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या पायवाटेवर नको, बधिर पायांना घसरलेलं उशिरा कळतं.

वाईट दिवस येतातच. त्या दिवशी ठरलेल्याच्या निम्मं चाला, आणि तेही झालं नाही तर दारापर्यंत जाऊन परत या. ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, हिमोग्लोबिन फार उतरलेलं असेल, त्या दिवशी मात्र चालायचं नाही. बसल्या जागी अचानक धाप लागली तर रुग्णालयात जायचं.

पायरी ६ : बधिर पायांची काळजी

या आजारात बहुतेकींना पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोच्या औषधांची जोडी दिली जाते. पॅक्लिटॅक्सेल मज्जातंतूंना त्रास देतं. मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटतं, साडीची पिन लावता येत नाही, ब्लाउजची हुकं लागत नाहीत. हळूहळू पुष्कळांचं कमी होतं, काहींचं थोडं राहतं.

तोपर्यंत घरातही मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला, अंगठ्याची सैल स्लिपर नको. गवतावर अनवाणी चालायचा सल्ला या पायांना लागू नाही. अंघोळीचं पाणी हाताच्या बोटांनी नव्हे, कोपराने बघा. पायाला गरम पाण्याची पिशवी नको. रात्री झोपण्याआधी तळवे उजेडात पाहा, किंवा कुणाला तरी पाहायला सांगा. रात्री बाथरूमपर्यंत छोटा दिवा चालू ठेवा.

तोलाचा व्यायाम ओट्याला धरून करता येतो. दोन्ही हात ओट्यावर, एक पाय किंचित उचलायचा, दहा अंक मोजायचे. मग दुसरा. जमू लागलं की एकच हात टेकवायचा. पुढे एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत भिंतीच्या कडेने चालायचं. पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी उभं असावं.

पायरी ७ : ताकद

सर्जननी परवानगी दिली की मगच. साधारण सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नसतं, कारण पोटाच्या उभ्या टाक्यांतून हर्निया होऊ शकतो. चार-पाच किलो म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. अंघोळीची भरलेली बादली पंधरा किलोंच्या पुढे जाते. दळण, पाण्याची कळशी, प्रेशर कुकर भरून उचलणं आणि नातवंड कडेवर घेणं, सगळं यात आलं. नातवाला मांडीवर घ्या, पण आधी खाली बसा आणि त्याला कुणीतरी आणून द्या.

नंतर आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, हे पुरेसं आहे. खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं, आठ ते दहा वेळा. भिंतीला तळवे लावून भिंतीकडे झुकणं आणि मागे येणं, तेवढ्याच वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून वर-खाली, पुढे एक लिटरच्या. छातीत पोर्ट (शिरेतून औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) असेल तर हाताचे व्यायाम आधी विचारून घ्या. श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. आठवडाभर सोपं वाटू लागलं की दोन-तीन वेळा वाढवायचं.

सिट-अप्स, दोन्ही पाय एकदम वर उचलणं आणि जोरजोरात कपालभाती हे टाके ताजे असताना, हर्निया असताना किंवा स्टोमा असताना नको. योगासनं जरूर करा, पण शिक्षकांना ऑपरेशनचं सांगून, आणि पोटावर दाब येणारी आसनं सोडून. दीर्घ श्वसन आणि शवासन पहिल्या आठवड्यापासून चालतं.

घरातल्यांना

'आराम कर' म्हणणं सोपं असतं. त्यापेक्षा पिठाचा डबा वरच्या फळीवरून खाली आणून ठेवा. दळण तुम्ही आणा. तिच्या चालण्याची वेळ ठरवा आणि त्या अर्ध्या तासात तिला हाक मारू नका, दूधवाला आला तरी. शक्य असेल तर तिच्याबरोबर चाला, नाहीतर आठवड्याला एक फोन करा. त्या येलच्या अभ्यासातही फोनच होते. मी दर रविवारी ताईला फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, वहीत काय लिहिलंस?

मागच्या रविवारी तिने वाचून दाखवलं : मंगळवारी सव्वीस मिनिटं. गुरुवारी पाऊस, म्हणून हॉलमध्ये अठरा. शुक्रवारी काही नाही, पाय दुखले. शनिवारी अठ्ठावीस, आणि खाली कंसात, 'दोन अंडी खाल्ली, गरम असताना'.